पाळीव सापाला हिवाळ्यात गारठ्यात ठेवावंच लागतं का?

रानजाई (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. इथे कुत्र्या-मांजरांचे धागे रग्गड आहेत, सापाचा एकही सापडला नाही म्हणून नवीन काढतेय.

माझ्या लेकाकडे कॉर्न स्नेक (अमेरिकेतला बिनविषारी साप) आहे. नर, तीन वर्षांचा, केशरी अंगावर तांबडे ठिपके, म्हणून नाव केशर. इथे साप पाळायला राज्याचा परवाना लागतो, तो रीतसर काढलाय. आजवर दर दहा दिवसांनी एक उंदीर (गोठवलेला आणतो, कोमट पाण्यात वितळवून देतो) बिनतक्रार खायचा. दिवाळी झाली आणि त्याने खाणं सोडलं. चिमट्यात धरून उंदीर पुढे केला की दोनदा जीभ बाहेर काढून अंदाज घेतो, मान वळवतो आणि भुशात शिरतो. बाकी काही बिघडलेलं दिसत नाही. डोळे स्वच्छ आहेत, मागची कातही शेपटीच्या टोकापर्यंत अखंड निघाली.

लेकाने कुठेतरी वाचलंय की हिवाळ्यात सापाला दोन-तीन महिने थंडीत ठेवलंच पाहिजे, नाहीतर त्याचं आयुष्य कमी होतं. दुसरीकडे वाचलं की गारठा लागला तर मरेल. त्याचं म्हणणं, पेटी गराजमध्ये हलवू. तिथे आत्ता पन्नास फॅरनहाइटच्या आसपास आहे, रात्री त्याच्याही खाली जातं. मला धीर होत नाही. ज्यांनी प्रत्यक्ष पाळलेत त्यांनी कृपया सांगा.

टपरीवरचा_चहा

बसलो वाचायला. सापाचा धागा म्हणजे पन्नास प्रतिसाद नक्की.

खडकवासला (लाइपझिग)

रानजाईताई, थोडक्यात उत्तर: नाही. पिल्लं काढायची नसतील तर घरातल्या कॉर्न स्नेकला शीतनिद्रेची गरज नसते.

सविस्तर लिहिण्याआधी एवढं कळवा: पेटीच्या उबदार बाजूचं तापमान, गार बाजूचं तापमान, केशरचं आत्ताचं वजन आणि महिन्याभरापूर्वीचं वजन. काचेवर चिकटवलेल्या गोल तबकडीवर विसंबू नका, ती वरच्या हवेचं तापमान दाखवते. साप पोट टेकतो तिथलं हवंय. तार असलेला डिजिटल तापमापक मिळतो, त्याचं टोक लपायच्या डब्याखाली भुशात ठेवा आणि तासाभराने वाचा.

तोवर गराज नकोच. कारण सांगतो. सापाचं पचन बाहेरच्या उबेवर चालतं. पेटीत २८ ते ३० अंश सेल्सियसचा (तुमचे ८२ ते ८६) एक कोपरा असला की त्याचं सगळं सुरळीत चालतं. १० ते १३ अंशांना त्याचं शरीर जवळजवळ थांबतं, अंगातली चरबी अगदी सावकाश वापरली जाते. घात करतं ते या दोन्हींच्या मधलं तापमान. दिवसरात्र १६ ते २० अंशांत अडकलेला साप जागा असतो, हिंडतो, झिजतो, पण खाल्लेलं पचवू शकत नाही. पोटातला उंदीर तिथेच कुजायला लागतो. मग तो ओकतो, आणि ओकल्यावर आतड्याची जी हालत होते तिच्यातून सावरायला त्याला कैक आठवडे लागतात. थंडी द्यायची तर पूर्ण द्या, नाहीतर ऊब पूर्ण द्या. अर्धवट गारठा सगळ्यात वाईट.

आजीबाईंचा_बटवा

आमच्या घरी हिवाळ्यात ज्यांना डिंकाचे लाडू मिळत नाहीत तेही असेच तोंड फिरवून पांघरुणात शिरतात. केशरला माझ्याकडून शुभेच्छा!

बहिर्जी (कोलंबस, ओहायो)

खडकवासला यांच्या मधल्या तापमानाच्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. पण 'गरज नाही' हे मला एवढ्या ठामपणे पटत नाही. मी माझ्या कॉर्न स्नेकना दरवर्षी थंडीत ठेवतो आणि ते त्यांच्या हिताचं आहे असंच माझं मत आहे.

ताई, तुमच्याच राज्यात दक्षिणेला पाइन बॅरन्स नावाचं जंगल आहे. रानटी कॉर्न स्नेकच्या मुलखाची ती उत्तर सीमा. तिथे ते आता इतके थोडे उरलेत की राज्याच्या संकटग्रस्त यादीत आहेत. तिथला साप हिवाळाभर जमिनीखाली असतो. लाखो वर्षं जे शरीर वर्षातले काही महिने विश्रांती घेत आलंय त्याला बाराही महिने ३० अंशांवर खायला घालत राहायचं, आणि मग तो लठ्ठ झाला म्हणून डॉक्टरकडे न्यायचं! पाळलेल्या सापांत लठ्ठपणा केवढा वाढलाय ते कुठल्याही सरीसृपांच्या डॉक्टरला विचारा.

माझी पद्धत लिहितो, कारण अर्धीमुर्धी माहिती घेऊन कुणी पेटी गराजमध्ये ढकलू नये. ऑक्टोबरच्या शेवटी शेवटचं खाणं. त्यानंतर दोन ते तीन आठवडे ऊब नेहमीसारखीच चालू. ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, कारण पोट पूर्ण रिकामं व्हायला हवं. शी झाली की नाही ते पाहतो, अंदाजावर जात नाही. मग आठवड्याभरात थोडं थोडं करून ऊब उतरवतो, दिवे बंद करतो आणि डबे तळघरात नेतो. तिथे १० ते १३ अंश असतात आणि त्यात चढउतार नसतो. गराजचा खरा दोष तोच: दुपारी ऊन आलं की १८, रात्री ४. तळघरात ते आठ ते बारा आठवडे राहतात. ताजं पाणी कायम हवं, कारण शीतनिद्रेतला साप मधूनमधून उठून पाणी पितो, आणि कोरड्या हवेत अन्नाआधी पाण्यावाचून त्याचे हाल होतात. दर दोन आठवड्यांनी वजन. नीट थंडावलेल्या निरोगी सापाचं वजन फारसं उतरत नाही. भराभर उतरायला लागलं तर त्याला वर आणायचं, त्या वर्षीची शीतनिद्रा संपली. फेब्रुवारीअखेर तशीच सावकाश ऊब चढवायची आणि पहिलं खाणं नेहमीपेक्षा लहान द्यायचं.

एक वर्षाच्या आतलं पिल्लू, आजारी, रोडका किंवा नुकताच विकत आणलेला साप, यांना कधीही नाही.

खडकवासला (लाइपझिग)

> लाखो वर्षं जे शरीर वर्षातले काही महिने विश्रांती घेत आलंय

बहिर्जी, पद्धत अतिशय नेमकी लिहिलीत, ती कुठेतरी जतन करून ठेवायला हवी. पण वरच्या युक्तिवादात एक अडचण आहे. हाच कॉर्न स्नेक फ्लोरिडाच्या दक्षिण टोकालाही राहतो. तिथे तो हिवाळाभर जमिनीखाली जात नाही, थंडीची लाट आली तर चार दिवस दडतो आणि परत बाहेर. म्हणजे शीतनिद्रा ही त्या जातीची गरज म्हणण्यापेक्षा कडक हिवाळ्यातून तगायची तिची क्षमता म्हणावी. लठ्ठपणाला सोपा उपाय आहे, उंदीर कमी द्या. मोठ्या नराला दहा दिवसांनी कशाला, पंधरा-वीस दिवसांनी पुरतो.

मी स्वतः शीतनिद्रा देतो, पण माझ्याकडे रशियन रॅट स्नेक आहेत. अमूर नदीच्या खोऱ्यातला, कोरिया-मांचुरियाकडचा साप. त्याला थंडी न देता पिल्लं काढायची म्हणजे वेळ फुकट. इथे काही जण जुना फ्रिज वापरतात, कासवांसाठी तर सर्रास. दार रोज थोडा वेळ उघडायचं, कारण आत हवा खेळती नसते. तीच खबरदारी कुणी विसरलं की प्राणी गुदमरतो.

मृण्मयी_टेक्सास (ह्यूस्टन)

माझं कळकळीचं सांगणं: हा धागा वाचून कुणी बॉल पायथनला थंडीत ठेवू नका! वर कॉर्न स्नेकबद्दल जे लिहिलंय ते फक्त कॉर्न स्नेकचं.

बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन. तिथे कोरडा ऋतू आहे, हिवाळा नाही. त्याला शीतनिद्रा ठाऊकच नाही. त्याची गार बाजूसुद्धा २५-२६ अंशांची लागते, उबदार बाजू ३१-३२ ची. पिल्लं काढणारे लोक हिवाळ्यात रात्रीचं तापमान दोन-तीन अंश उतरवतात, त्यालाही ते 'कूलिंग' म्हणतात, आणि नवखा माणूस दोन्हींची गल्लत करतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात जे हिमवादळ आलं त्यात आमची वीज गेली. घरातलं तापमान उतरत उतरत इतकं खाली आलं की आम्ही सगळे एका खोलीत जॅकेट घालून बसलो होतो. माझ्या बॉल पायथन मादीला मऊ कापडी पिशवीत घालून मी ती पिशवी स्वेटरच्या आत पोटाशी धरली. नवऱ्याने गॅसवर पाणी तापवून बाटल्या भरल्या, त्या टॉवेलात गुंडाळून थर्मोकोलच्या खोक्यात ठेवल्या आणि आम्ही आळीपाळीने तिला तिथे ठेवत होतो. हात आत घातला की तिचं अंग गार लागायचं. एरवी हातात घेतल्यावर मनगटाभोवती वेढा घट्ट करणारा प्राणी नुसता लोंबत होता. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. त्याच दिवसांत किनाऱ्यावर, साउथ पाद्रे बेटाजवळ, हजारो समुद्री कासवं थंडीने बधिर होऊन तरंगत होती आणि लोकांनी ती उचलून तिथल्या कन्व्हेन्शन सेंटरच्या फरशीवर ओळीने ठेवली होती.

वीज आल्यावर तिला लगेच खायला दिलं नाही. ऊब पूर्ववत केली, पाणी ठेवलं आणि बरेच दिवस नुसतं लक्ष ठेवलं. थंडीनंतर श्वसनाचा संसर्ग होतो त्याची लक्षणं सगळ्यांना ठाऊक हवीत: श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा चरचर आवाज, नाकपुडीशी बुडबुडे, तोंडात चिकट लाळ, तोंड उघडं ठेवून डोकं वर धरून बसणं. यातलं एकही दिसलं तर घरगुती उपाय नकोत, डॉक्टर गाठा.

टपरीवरचा_चहा

मृण्मयी, स्वेटरच्या आत अजगर! दंडवत स्वीकारा.

पेशीकेंद्र (बंगळुरू)

माझं काम सरीसृपांवर नाही, पण प्रजननाच्या शरीरक्रियाशास्त्राशी संबंध येतो, म्हणून 'पिल्लं काढायला थंडी का लागते' यावर थोडं लिहितो.

बहुतेक प्राण्यांत नराची प्रणयाराधना पुरुषसंप्रेरकांवर चालते. कॅनडातल्या तांबड्या पट्ट्यांच्या गार्टर सापावर डेव्हिड क्रूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०-८० च्या दशकांत काम केलं, आणि तिथे वेगळंच निघालं. वसंतात हा साप बिळातून वर येतो तेव्हा त्याच्या रक्तातलं ते संप्रेरक अगदी कमी असतं, तरीही तो लगेच मादीच्या मागे लागतो. शुक्राणू आदल्या उन्हाळ्यात तयार होऊन साठवलेले असतात. त्याला जागं करतो तो दीर्घ थंडीनंतरचा उबारा. थंडीच दिली नाही तर नराला मादीत रस वाटत नाही.

सगळ्याच सापांत इतकं टोकाचं नाही. कॉर्न स्नेक थंडीशिवायही जुगतात, असे कित्येक लोक पिल्लं काढतात. उत्तरेकडच्या आणि डोंगराळ जातींना मात्र ती लागते. वर खडकवासला यांनी रशियन रॅट स्नेकचं उदाहरण दिलंच आहे.

उलट टोकाचं उदाहरण: फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये माणसांनी आणलेले बर्मी अजगर पसरलेत. जानेवारी २०१० मध्ये तिथे थंडीची मोठी लाट आली तेव्हा ज्यांच्या अंगात रेडिओ यंत्रं बसवली होती त्यांतले बहुतेक मेले. बिळात दडायचं सोडून बरेच अजगर ऊन खायला उघड्यावर आले. त्याच हिवाळ्यात साउथ कॅरोलायनात बंदिस्त आवारात प्रयोगासाठी ठेवलेले दहाच्या दहा अजगर दगावले. थंडी सोसण्यासाठी कधी दडायचं हे वागणंही अंगात असावं लागतं.

गारगोटी (विनिपेग)

पेशीकेंद्र, तुम्ही लिहिलेले साप मी डोळ्यांनी पाहिलेत! विनिपेगच्या उत्तरेला सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर नार्सिस नावाचं गाव आहे. तिथल्या चुनखडीच्या खडकाला नैसर्गिक भेगा आणि खड्डे आहेत, ते पार गोठणरेषेच्या खाली जातात. वर उणे तीस असलं तरी आत पाणी गोठत नाही. अख्ख्या परिसरातले गार्टर साप हिवाळ्यासाठी तिथे गोळा होतात. उन्हाळ्यात ते दूरदूरच्या पाणथळींत पांगतात आणि शरद ऋतूत पुन्हा त्याच खड्ड्याशी येतात.

एप्रिलच्या शेवटापासून मे महिन्यात जायचं. कठड्याशी उभं राहून खाली पाहिलं तर आधी वाटतं पालापाचोळा हलतोय. मग नजर बसते आणि कळतं की तळ दिसतच नाहीये, सगळे साप आहेत. नर आधी वर येतात आणि मादीची वाट पाहत थांबतात. एखादी मादी वर आली की डझनावारी नर तिच्याभोवती गुंडाळतात आणि तो गुंता उतारावरून गडगडत येतो. आवाज म्हणाल तर फक्त वाळल्या पानांत खवले घासल्याचा. माझी मुलगी आधी घाबरली होती, निघताना तीच हलायला तयार नव्हती.

हा प्रवास सोपा नाही. १९९९ मध्ये थंडीने बिळात पोचायच्या आधीच गाठलं आणि हजारोंच्या संख्येने साप मेले. शिवाय हमरस्ता ओलांडताना गाड्यांखाली यायचे. आता रस्त्याखालून बोगदे आणि कडेने कुंपण केलंय, साप कुंपणाच्या कडेकडेने बोगद्यात जातात.

सुलभा_म

काय वर्णन केलंत गारगोटी! सापाचं नाव काढलं की पाय वर घेणारी मी, पण हे पाहायला नक्की आवडेल.

चिंतू_पुणे

मस्त धागा. माझा प्रश्न: आमच्या सोसायटीत मागे धामण निघते. बिनविषारी आहे, उंदीर खाते. ती पाळली तर पुण्याच्या थंडीत हीट मॅट (पेटीला ऊब देणारी विजेची चटई) लागेल का?

वारणाकाठ (सांगली)

चिंतू, हीट मॅटचा प्रश्नच येत नाही, कारण धामण पाळता येत नाही. भारतातला कुठलाही रानटी साप घरी ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. बिनविषारी असला तरी. मी सर्पमित्र म्हणून काम करतो, आम्हालासुद्धा पकडलेला साप वनखात्याला कळवून लवकरात लवकर सोडावा लागतो. ती धामण तुमच्या सोसायटीचे उंदीर फुकट संपवतेय, तिला तिथेच राहू दे.

आणि आपल्याकडच्या हिवाळ्याबद्दल लिहितो, कारण 'थंडीत साप झोपतात' हा समज जिवावर बेततो. विनिपेगसारखी शीतनिद्रा महाराष्ट्रात नाही. आपले साप पहाटे गारठून बिळात असतात, ऊन चढलं की बाहेर येऊन बांधावर, दगडावर अंग शेकतात. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात अजगर हिवाळ्यात असेच साळिंदराच्या बिळांच्या तोंडाशी ऊन खात पडलेले दिसतात.

घोणस तर हिवाळ्यातच जास्त दिसते, कारण तो तिच्या मीलनाचा काळ. नोव्हेंबर ते जानेवारी आमचे फोन बहुतांशी घोणशीचेच असतात. नर मादीच्या शोधात फिरतात, दोन नर समोरासमोर आले तर अंगाला अंग पिळत एकमेकांना खाली दाबायची झुंज चालते, आणि लोक त्याला जोडीचं नृत्य समजून मोबाइल घेऊन जवळ जातात. नेमका तोच ऊसतोडीचा हंगाम. पाचटात पडलेली घोणस दिसत नाही. चिडली की कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढते, तो ऐकू आला तर जागीच थांबा आणि मागे सरा. जाडजूड अंग आणि ठिपके पाहून तिला अजगराचं पिल्लू समजून उचलणारे दरवर्षी भेटतात. चावली तर कापाकापी, दोरी, मांत्रिक काही नको. हात-पाय न हलवता सरळ दवाखाना. सर्पविषावरची लस ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयांत असते. आणि हिवाळ्यात पहाटे पाणी द्यायला जाताना बॅटरी आणि गमबूट. एवढं ऐकलंत तरी पुष्कळ.

सह्यकडा (अटलांटा)

गंमत म्हणजे आमच्या जॉर्जियातही असाच नियम आहे. स्थानिक बिनविषारी साप पाळायला बंदी, आणि कॉर्न स्नेक इथला स्थानिक. म्हणजे बॉल पायथन चालतो, पण अमेरिकाभर लाडका असलेला कॉर्न स्नेक इथे पाळता येत नाही. इथे बदली होऊन येणाऱ्यांनी सामान बांधायच्या आधी हे पाहावं.

निफाडकर

माझ्याकडे बॉल पायथन आहे. भारतात परदेशी प्राणी पाळणाऱ्यांसाठी: २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातल्या (CITES) जातींची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. बॉल पायथन त्यात येतो. कागदपत्रं नसलेला प्राणी विकत घेऊ नका.

आता थंडी. आमच्याकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात तेव्हा पारा पाच-सहा अंशांवर असतो. घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, फरशी बर्फ, खिडकीच्या फटीतून वारं. मृण्मयीताईंनी लिहिलेलं आम्हाला दर डिसेंबरात लागू. मी पेटी जमिनीवरून उचलून आतल्या भिंतीशी टेबलावर ठेवलीय, तीन बाजूंनी बाहेरून थर्मोकोल लावलंय आणि हीट मॅट थर्मोस्टॅटवर आहे. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावू नका, साप पोट भाजलं तरी हलत नाही, जखम नंतर दिसते. वीज जाते तेव्हासाठी गरम पाण्याच्या रबरी पिशव्या. एक विचारायचंय: रात्री वीज गेली आणि तापमान हळूहळू २० वर आलं, तर नुकसान होतं का?

मृण्मयी_टेक्सास (ह्यूस्टन)

निफाडकर, निरोगी, मोठ्या पायथनला एखादी रात्र २० निभते. आठवडाभर रोज तसं झालं तर मात्र संसर्गाला आमंत्रण. थंडीची लाट येणार असं कळलं की खायला देणं पुढे ढकला. रिकाम्या पोटी गारठा सोसतो, भरल्या पोटी सोसत नाही.

सुलभा_म

एक मनापासून विचारते, राग मानू नये. एवढं सगळं वाचल्यावर वाटतं, ज्याला बिळं, ऊन आणि वणवण लागते त्याला काचेच्या पेटीत ठेवायचंच कशाला?

बहिर्जी (कोलंबस, ओहायो)

सुलभाताई, रास्त प्रश्न आहे. रानातला साप पकडून पेटीत घालणं मलाही मान्य नाही. बॉल पायथन आजही आफ्रिकेतून मोठ्या संख्येने येतात, गाभण माद्या रानातून पकडून त्यांची अंडी उबवतात आणि पिल्लं निर्यात होतात. म्हणून घ्यायचाच तर पाळलेल्या आईबापांचा घ्यावा. कॉर्न स्नेक पिढ्यान् पिढ्या पेटीत जन्मतायत. त्यांना रानात सोडणं हा उपाय नाही, एव्हरग्लेड्सचं उदाहरण वर आलंच आहे. आपल्या हातात एवढंच आहे की पेटी मोठी असावी, चढायला फांद्या, लपायला दोन-तीन जागा आणि ऊब-गारवा निवडायची मुभा असावी. शीतनिद्रेचा माझा आग्रहही त्यातूनच आलाय, त्याच्या मूळ आयुष्यातलं थोडं तरी त्याला मिळावं म्हणून.

सुलभा_म

मत पूर्ण बदललं नाही, पण तुमची आच पोचली.

रानजाई (एडिसन, न्यू जर्सी)

सगळ्यांचे मनापासून आभार. लेक शाळेतून आला की आधी हा धागा उघडतो. आता माहिती देते. तारेच्या तापमापकावर उबदार बाजू ८५, गार बाजू ७४ फॅरनहाइट (म्हणजे साधारण २९ आणि २३). दोन दिवस वेगवेगळ्या वेळी पाहिलं, फरक नाही. वजन ऑक्टोबरात ४१२ ग्रॅम होतं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर डब्यात बसवून केलं होतं, आज ४०५ भरलं. श्वासाचा आवाज नाही, बुडबुडे नाहीत. रात्री पेटीभर फिरतो, काचेला नाक लावून कडेकडेने जातो. उंदीर मात्र अजूनही नाही.

खडकवासला (लाइपझिग)

ताई, मग काळजी सोडा. ऊब योग्य, वजन जवळपास तेवढंच, कात अखंड. तीन वर्षांचे, वयात आलेले नर हिवाळ्यात पूर्ण उबेतही खाणं टाकतात. खिडकीतला उजेड कमी होतो, हवेचा दाब बदलतो, त्यांना बाहेरचा ऋतू कळतो. रात्री काचेकाचेने फिरणं हेही त्याच वयाचं लक्षण, तो मादी शोधतोय.

पेटी आहे तिथेच, आहे त्या तापमानात राहू द्या. उंदीर दर दोन आठवड्यांनी एकदाच दाखवा, तोही नेहमीपेक्षा एक आकार लहान. संध्याकाळी दिवे मालवून, उंदराचं डोकं चांगलं कोमट करून. तासाभरात घेतला नाही तर टाकून द्या, रोज रोज पुढे करून त्याला त्रास देऊ नका. वजन महिन्यातून दोनदा. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे ३७० च्या खाली गेलं, तर डॉक्टर.

बहिर्जी (कोलंबस, ओहायो)

या नोंदी पाहून मीही हेच सांगेन. या वर्षी शीतनिद्रा नको. हिवाळा निम्मा सरलाय, घरचा कुणी अनुभवी नाही आणि गराजवर भरवसा नाही.

रानजाई (एडिसन, न्यू जर्सी)

हुश्श. लेकाला वाचून दाखवलं. त्याचा लगेच पुढचा प्रश्न: मादी आणून पुढच्या वर्षी शीतनिद्रा दिली तर पिल्लं होतील का?

बहिर्जी (कोलंबस, ओहायो)

होतील, पण मादी आत्ता लहान आणली तर पुढच्या वर्षी नाही. ती तीन वर्षांची आणि निदान तीनशे ग्रॅमची व्हायला हवी, नाहीतर अंडं आत अडकून जीव जातो. दोघांना एका पेटीत कायम ठेवायचं नाही. नवी मादी आधी काही महिने वेगळ्या खोलीत, तिचे चिमटे आणि भांडीही वेगळी.

अंडी एका वेळी दहा ते वीस होतात, २७-२८ अंशांना ठेवली तर साधारण दोन महिन्यांत फुटतात. प्रत्येक पिल्लाला वेगळा डबा, वेगळं पाणी आणि दर पाच-सहा दिवसांनी उंदराचं नवजात पिल्लू. काही पिल्लं पहिल्या खाण्यालाच रुसतात, त्यांच्यामागे आठवडे जातात. तुमच्या परवान्यात पैदास बसते का आणि ती वीस पिल्लं कोणाकडे जाणार, या दोन गोष्टी लेकाला आधी कागदावर लिहून काढायला सांगा. यादी भरली तर सप्टेंबरात इथेच लिहा, तळघराच्या तापमानापासून सुरुवात करू.